म्हातारीचा आवाज

त्या गावात बाहेरून आलेला माणूस लगेच ओळखू यायचा. त्याच्या हातात छत्री असायची. गावातल्या एकाही घरात छत्री नव्हती; पाऊस आला तर लोक भिजायचे नाहीतर थांबायचे, पण वाऱ्याशी छत्री घेऊन हुज्जत घालण्याइतकं खुळं तिथं कुणी नव्हतं. घरांची दारं सगळी आत उघडणारी. दोरीवरच्या प्रत्येक कपड्याला दोन-दोन चिमटे. रस्त्यात दोघं बोलत असली आणि मोठा झोत आला, की दोघंही वाक्य अर्धवट टाकून गप्प उभी राहायची आणि झोत गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची. डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारायचं नाही. वाऱ्यानं येतंच. आता याला रीत म्हणा नाहीतर सोय म्हणा.

फिटरनं मात्र या सोयीचा फायदा घेतला नव्हता. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. पंधरा दिवसांच्या आजारात गेली, आणि त्यानंतर त्याच्या डोळ्यांतून वाऱ्याचंसुद्धा पाणी आलं नाही. लोक भेटायला आले, बसले, त्याच्याकडे बघून स्वतःच रडले आणि गेले. तो त्यांना पाणी देत होता. आपल्या आत काहीतरी बंद पडलंय हे त्याला कळत होतं, पण त्याचं वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, पिशवी खांद्याला लावायची, कामावर जायचं. मधल्या काळात त्यानं दोन किटल्या जाळल्या. पाणी आटून बूड लाल होईपर्यंत त्याला पत्ताच नाही. दुःखात माणसाचं लक्ष नसतं, असं शेजारी म्हणाले. त्यालाही तेच पटलं.

त्याचं काम म्हणजे बांधावरच्या रस्त्यावरची सतरा वारेशिल्पं सांभाळणं. अकरा वर्षांपूर्वी पालिकेनं एका कलाकाराला बोलावून ती करून घेतली होती. एवढा वारा फुकट चाललाय, तर निदान बघायला तरी होईल, असा विचार असावा. झालंही तसंच. संध्याकाळी अख्खं गाव बांधावर यायचं. तिथं एका खांबावर ताटांएवढ्या चकत्या एकमेकींना पाठ दाखवत फिरायच्या, एक पत्र्याचा घोडा होता तो झोत आला की मान खाली घालायचा, आणि कोणती चकती आधी थांबणार यावर म्हातारे बाप्ये शाळकरी पोरांसारखे भांडायचे. वाऱ्यानं घरात नाकी नऊ आणलेले असायचे. बांधावर आलं की तोच वारा लाडका व्हायचा.

सगळ्यात लाडकी म्हातारी. रानात वाऱ्यावर उडणारी, हातात धरायला गेलं की निसटणारी कापसासारखी म्हातारी असते ना, तशी. दोन मजली खांबावर बारीक सळयांचा भलामोठा गोळा, प्रत्येक सळईच्या टोकाला चमच्याएवढी वाटी. बाहेरचा गोळा एका दिशेनं फिरायचा, आतला दुसऱ्या. वारा बेताचा असला की ती श्वास घेतेय असं वाटायचं, आणि जोराचा असला की दिसेनाशीच व्हायची, नुसती एक चमक उरायची. ती उभी होती नेमकी फिटरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

जाताना त्या कलाकारानं फिटरला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. बाकीची सोळा हाताला लागतात, ती हात लावून तपासा. म्हातारीचं बेअरिंग उंच आहे, तिला तारखेप्रमाणे ग्रीस देऊ नका. जास्त झालं तर वाळू धरून बसेल. तिच्याकडे कान ठेवा. कुरकुरली की चढा.

फिटर तसंच करत आला होता. म्हणजे, तसंच चाललं होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी चहा ओतता ओतता, मान वरसुद्धा न करता, बायको म्हणायची, "अहो, म्हातारी कुरकुरतेय." तो कान टवकारायचा, त्याला काही ऐकू यायचं नाही. मग तो म्हणायचा की तुला भलतंच ऐकू येतं, आणि बडबड करत शिडी घेऊन जायचा. बायकोचं मन राखायला आपण चढतो, असा त्याचा पक्का समज होता. चारचौघांत तो तिची चेष्टाही करायचा. आमच्या हिला न वाजणारं ऐकू येतं, म्हणायचा. सगळे हसायचे. तीही हसायची.

ती गेल्यापासून म्हातारी कुरकुरली नव्हती. निदान त्याच्या कानावर तरी आलं नव्हतं, म्हणून तो चढला नव्हता.

गुरुवारी पालिकेचं पत्र आलं. त्या गावात पोस्टमन पत्र हातातच द्यायचा आणि घेणारा ते दोन्ही हातांनी धरायचा. फिटरनं दाराच्या आत येऊन वाचलं. म्हातारीच्या कर्कश आवाजाबद्दल लेखी तक्रार आली आहे. सोमवारी नव्या इंजिनिअरबाई स्वतः येऊन पाहणी करतील. आवाज खरा असेल आणि आटोक्यात येणारा नसेल, तर शिल्प उतरवण्यात येईल. खाली सही.

फिटर तसाच बाहेर पडला आणि म्हातारीखाली जाऊन उभा राहिला. ती फिरत होती. वाऱ्याचा नेहमीचा घुमारा होता, दूर कुठंतरी पत्रा आपटत होता. बाकी काही नाही. तो चांगली पंधरा मिनिटं मान वर करून थांबला. आवाज नव्हता. पत्र वाचल्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला थोडं काहीतरी वाटलं होतं, ते भीतीसारखं होतं. खिडकीतून म्हातारी दिसली नाही तर सकाळी उठून बघायचं कशाकडे, हे त्याला सुचेना.

समोरच्या घरात गाण्याच्या बाई राहायच्या. तीस वर्षं गावातल्या गळ्यांना वळण लावत आलेल्या. कान विचारायचा तर त्यांचाच. फिटरनं त्यांचं दार वाजवलं. खिडक्या सगळ्या बंद होत्या, आत दोन विद्यार्थिनी घामाघूम होऊन बसल्या होत्या. त्यानं सरळ विचारलं, की म्हातारीचा काही आवाज येतो का. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. एक विद्यार्थिनी काहीतरी बोलायला गेली, तिला त्यांनी नजरेनंच गप्प केलं.

"छे हो फिटरभाऊ," त्या म्हणाल्या. "कुठं काय? तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

वाण्यालाही त्यानं विचारलं. वाणी तराजू पुसत म्हणाला की आपल्याला तर काही जाणवत नाही बुवा, आणि तक्रार करणाऱ्याच्या नावानं दोन शब्द बोलला. तक्रार कुणी केली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या घरात दोन महिन्यांपूर्वी दातांचे डॉक्टर राहायला आले होते. येताना छत्री घेऊन आले होते.

फिटर त्यांच्याकडेही गेला. डॉक्टर भला माणूस होता, हात पुसत बाहेर आला आणि ओशाळून म्हणाला की दिवसभर मी माझ्या मशीनचा आवाज ऐकतो आणि संध्याकाळी खिडकीत बसलो की पुन्हा तोच. मला वाटलं पेशंट राहिला की काय. फिटरनं त्याला समजावलं की वारा आहे तो, नव्या माणसाला वेगळा लागतो, होईल सवय. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच क्षणी बाहेर आवाज चालू असणार, हे फिटरला नंतर कळलं.

घरी येऊन त्यानं पालिकेला उत्तर लिहिलं. शिल्प सुस्थितीत आहे. आवाज नाही. अकरा वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे. शेवटचं वाक्य त्यानं जरा ठसक्यात लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी स्वतः नेऊन दिलं.

शनिवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती, एरवी ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायची आणि तो कामावरच्या खोलीतून बोलायचा. आज तो स्वयंपाकघरात होता, खिडकी उघडी होती. जेवलात का, कपडे धुतले का, हे झालं. मग मुलगी बोलता बोलता थांबली.

"बाबा, हे काय वाजतंय मागे?"

तो म्हणाला, काही नाही, वारा आहे.

"वारा नाही. म्हातारी रडतेय. केवढ्यानं रडतेय बाबा! तुम्ही तिथं उभे आहात आणि—"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. म्हातारी गरगरत होती, मुकाट. तो म्हणाला की मला काही ऐकू येत नाही. हे वाक्य तो बायकोला अकरा वर्षं ऐकवत आला होता, पण या वेळी ते वेगळंच ऐकू आलं.

मग मुलीनं सांगितलं. "आईला माहीत होतं. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत हे तिला किती वर्षांपासून माहीत होतं. किटलीची शिट्टीसुद्धा. मी म्हटलं होतं, डॉक्टरांना दाखवू. तर म्हणाली, कागदावर आलं की त्यांचं काम जाईल. मी आहे ना ऐकायला, म्हणाली. बाबांना कळू द्यायचं नाही, म्हणाली."

फोन ठेवल्यावर फिटर खुर्चीवर बसला. आता आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. आलं नाही. न वाजणारं ऐकू येतं म्हणून चारचौघांत हसलेले सगळे चेहरे त्याला एकेक करून आठवले, आणि त्यांत तिचाही, हसणारा. तो उठला, किटलीत पाणी घातलं आणि ते उकळेपर्यंत तिच्यासमोर उभा राहून वाफेकडे बघत राहिला.

रविवारी पहाटे वारा पडला. रोज उजाडताना तास-दीड तास तो दमल्यासारखा मंदावायचा. उंचावरची सगळी कामं गाव त्याच वेळात उरकायचं. फिटर पिशवी, शिडी आणि ठेवणीतलं नवं बेअरिंग घेऊन निघाला. खांबाजवळ आल्यावर त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक खांबाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. जुने फिटर मशीनच्या पोटातलं असं ऐकतात. त्याला ते विशीत शिकवलं होतं, पण म्हातारीला लावायची वेळ कधी आली नव्हती. तिच्याबद्दल त्याला चहाबरोबरच कळायचं.

म्हातारी अगदी सावकाश फिरत होती. दातांतून, जबड्यातून, थेट कानामागच्या हाडापर्यंत खरखर आली. खडीवरून पत्रा ओढावा तशी. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला. खरखर बंद. पुन्हा लावला. पुन्हा सुरू. असं त्यानं पाच-सहा वेळा केलं, गरज नसताना.

मग तो वर चढला, खीळ घालून गोळा अडवला आणि बेअरिंगची पेटी उघडली. कलाकारानं ती दोन फाकांची केली होती, एकट्या माणसाला बदलता यावं म्हणून. आतून तांबडी भुकटी सांडली. गोळ्या निळ्याकाळ्या पडल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारी कडी तुटून दोन तुकडे झाली होती. आठवड्या-दोन आठवड्यांत असं होत नाही, हे फिटरला सांगायला कुणाची गरज नव्हती. ही चार महिने ओरडत होती. बायको गेली त्या आठवड्यापासूनच म्हणायला हरकत नाही. अजून महिनाभर गेला असता तर गोळा निखळून रस्त्यावर आला असता.

नवं बेअरिंग बसवून तो खाली उतरला तेव्हा गाण्याच्या बाई शाल लपेटून फाटकाशी उभ्या होत्या. एवढ्या सकाळी शिडी बघून आल्या असणार. त्यानं जुनं बेअरिंग त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, की त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात.

बाईंचा चेहरा पडला. "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय तो आवाज," त्या म्हणाल्या. "वहिनींच्या आठवणीनं. त्याच तर सांगायच्या ना तुम्हाला, कुरकुरतेय म्हणून. मग त्या गेल्यावर तुम्ही तिला रडू देताय, असं आम्ही समजलो. माणसाचं दुःख असं बंद कर म्हणून कसं सांगायचं? गल्लीत सगळ्यांनी ठरवलं, खिडक्या लावून घ्यायच्या."

फिटरनं गल्लीकडे पाहिलं. खरंच, एकूण एक खिडकी बंद होती. ऐन उन्हाळ्यातही बंद होती हे त्याला आता आठवलं. तेव्हा त्यानं पाहिलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. दाराआडून वाण्याची बायको डोकावत होती. कान त्यांचे किटले होते आणि ते त्याचं दुःख सांभाळत होते, आणि त्याला तर दुःखही धड होत नव्हतं. त्याला लाज वाटली. लाज तरी वाटली, असंही मागोमाग वाटून गेलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "म्हणून राहिला आवाज. दुसरं काही नाही."

मग त्यानं बाईंना विनंती केली, की वारा उठला की मी खीळ काढतो, तुम्ही तुमच्या खिडकीत थांबा. आवाज असेतोवर हात वर ठेवा. थांबला की खाली घ्या.

साडेसातला वारा आला. फिटरनं खीळ ओढली. गोळा हलला, एक फेरा, दोन, मग आतला उलटा फिरू लागला. बाई खिडकीत हात वर करून उभ्या होत्या, वर्गात प्रश्न विचारायला उभी राहिलेली मुलगी असते तशा. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला. पुन्हा वर केला नाही. मग त्यांनी खिडकीची दोन्ही दारं उघडून अडकवली. शेजारची उघडली. वाण्याच्या माडीवरची उघडली. कुणाचा तरी पडदा बाहेर येऊन फडफडायला लागला. फिटरसाठी सगळं होतं तसंच होतं. आधीही म्हातारी मुकी होती, आताही मुकीच. फरक त्याला फक्त खिडक्यांवरून कळला.

सोमवारी इंजिनिअरबाई आल्या. वयानं त्याच्या मुलीएवढ्या, केस करकचून बांधलेले, म्हणजे गावात रुळायला लागलेल्या. त्यांनी म्हातारीखाली उभं राहून कान दिला, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबल्या, आणि म्हणाल्या की आवाज तर अजिबात नाही, तुम्ही लिहिलं होतं तसंच. कोपऱ्यावरून दातांचे डॉक्टर बघत होते. फिटरनं पिशवीतून जुनं बेअरिंग काढलं, इंजिनिअरबाईंच्या हातात दिलं आणि तक्रार खरी होती, माझं पत्र चुकलं, एवढं सांगितलं. बाईंनी ते बोटांनी फिरवून पाहिलं. म्हातारी राहील, त्या म्हणाल्या, पण अहवाल आता नीट भरावा लागेल. बाहेर वाऱ्यात कागद हातात राहत नव्हता, म्हणून फिटर त्यांना स्वयंपाकघरात घेऊन आला. त्यानं खिडकी लावली, टेबल पुसलं आणि त्यांना खुर्ची दिली.

बाई एकेक रकाना वाचत होत्या, तो उत्तरं देत होता. बेअरिंग कधी बदललं, ग्रीस कोणतं, शिडी तपासलेली आहे का. पुढचा रकाना काय असणार हे त्याला ठाऊक होतं. नमुना जुनाच होता आणि दर वर्षी तिथं तो स्वतःची सही करत आला होता. सांगायचं काय हेही त्यानं काल दिवसभर घोकून ठेवलं होतं. दोन वर्षं राहिली होती नोकरीची. मीच, एवढंच म्हणायचं होतं.

"आवाजाची तपासणी कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"बायको," फिटर म्हणाला.

बाईंनी पेन थांबवलं. तो पुढं बोलत गेला. मला बारीक आवाज ऐकू येत नाही, तो म्हणाला. ती इथं उभी राहून ऐकायची. मी नुसता चढायचो. अकरा वर्षं तिनंच सांभाळली म्हातारी, तुमच्या कागदावर नाव माझं आहे ते चुकून.

बाई नव्या होत्या, त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं. ऐकण्याची नोकरी बायको करते आणि सही नवरा, याचं त्यांना थोडं हसूही आलं असावं. माणूस खरं बोलतोय एवढं त्यांना कळलं. काही तरी मार्ग काढू, त्या समजुतीनं म्हणाल्या, आणि कागद त्याच्याकडे सरकवून पेन पुढं केलं.

"मग इथं त्यांचीच सही लागेल. बोलवा ना त्यांना."

फिटरनं वळून पाहिलं. खिडकीजवळ, जिथं ती चहा ओतायची तिथं. त्यानं हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. चार महिन्यांत त्याला ते वाक्य कुणापुढं म्हणावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, सगळे सांभाळून घेत होते.

"ती नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "ती गेली."

पाणी गालांवरून घळाघळा आलं आणि हनुवटीवरून कागदावर पडलं. त्यानं पुसलं नाही. सवयीनं तो म्हणाला, वाऱ्यानं येतं. बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती, आणि तिच्याबाहेर म्हातारी फिरत होती.